भरवेलीचा विद्यार्थी आणि इंग्रजी स्वर : उच्चारातील अडचणींचा ऐतिहासिक शोध

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बालाघाट शहरालगत भरवेली हे गाव आहे. मँगनीजच्या खाणीमुळे या गावाचे नाव भूगोलाच्या पुस्तकांत आले. ज्या धातूवर गावाची उपजीविका चालते, त्या धातूचे नाव मात्र येथे एका रीतीने लिहिले जात नाही. मराठी लिहिणारा 'मँगनीज' लिहितो, हिंदी लिहिणारा 'मैंगनीज' लिहितो आणि उर्दू लिपीत 'ये' या अक्षराच्या आधाराने तोच शब्द तिसऱ्या रीतीने उभा राहतो. इंग्रजीत या शब्दात तीन स्वर आहेत. पहिला तोंड रुंद उघडून म्हटलेला 'ॲ', दुसरा ओझरता 'अ' आणि तिसरा लांब 'ई'. तीन लिप्यांनी या तीन स्वरांना आपापल्या साधनांनी जागा करून दिली आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे स्वर चुकतात, ही तक्रार जुनी आहे. सामान्यतः त्याचे कारण मुलाचा आळस, ग्रामीण वळण किंवा शिक्षकाची उणीव यांत शोधले जाते. ज्या मुलाचा उच्चार चुकतो त्याची बुद्धीही कमी असावी, असा ग्रह वर्गात आणि नोकरीच्या मुलाखतीतही होतो. अशा शेऱ्यामुळे अनेक मुले बोलणेच सोडून देतात. इंग्रजी स्वरांच्या उच्चारातील बहुतेक चुका नियमबद्ध असून त्या शिकणाऱ्याच्या भाषांच्या व लिप्यांच्या इतिहासातून आलेल्या आहेत, हे भरवेली व तिच्या भोवतालच्या नागपूर-बालाघाट परिसराच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भरवेली : खाण आणि भाषांचा शेजार

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली आणि १८६७ मध्ये बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे या जिल्ह्याचा कारभार, शिक्षण व व्यापार यांचा ओढा दक्षिणेकडे राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील मँगनीजकडे ब्रिटिश भांडवलाचे लक्ष गेले. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील आपला मोठा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला त्यांनी दिलेले 'गोंडाइट' हे नाव येथील गोंड समाजावरून आलेले आहे. इंग्रजी शब्द येथील जिभेवर येत असताना येथील शब्दही इंग्रजीत जात होते, हे यावरून दिसते.

पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीच्या मालमत्तेतून १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. २०१० मध्ये तिचे नाव मॉईल लिमिटेड झाले. हे चार अक्षरी इंग्रजी नावही स्वराची परीक्षा घेणारे आहे. मराठीत 'मॉईल' आणि हिंदीत 'मॉयल' असे ते लिहिले जाते. 'ऑ' वरून 'इ' कडे घसरणारा हा एकच संयुक्त स्वर असून दोन्ही लेखनपद्धती त्याला दोन अक्षरांत वाटून घेतात.

खाणीच्या कामाने भाषा एकत्र आणल्या. बालाघाट परिसरात हिंदी, मराठी, पोवारी, गोंडी, लोधी समाजाची बोली आणि छत्तीसगढी ऐकू येतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०४ मधील खंडात पोवारीची गणना पूर्वी हिंदीतील बघेलीच्या दक्षिणेकडील मिश्र रूपांत केली आहे. पोवारीवर मराठीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. म्हणजे येथील मूल शाळेत पाऊल ठेवते तेव्हा त्याच्या कानावर दोन भाषाकुळांचे स्वर आधीच पडलेले असतात.

मध्य प्रांत व वऱ्हाड या राज्यात १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यानंतर येथील मराठी घरातील मुलाची शाळेची भाषा प्रामुख्याने हिंदी झाली. घरी मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी, मुस्लिम घरात उर्दू आणि या सर्वांनंतर इंग्रजी, असा क्रम येथे रूढ झाला. उच्चाराचा विचार करताना हा क्रम विसरता येत नाही.

इंग्रजी आली ती कोणाची?

इंग्रजीचा 'शुद्ध' उच्चार असे म्हटले की लंडन व दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षितांचा उच्चार डोळ्यांसमोर येतो. परंतु नागपूर भागात संघटित इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे होते. ते १८४५ मध्ये नागपुरात आले. १८४६ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये निघाले. हिस्लॉप हे भूगर्भशास्त्राचेही अभ्यासक होते. गोंडांविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. मुंबईतील शिक्षणकार्याचे एक अध्वर्यू जॉन विल्सन हेही स्कॉटिशच होते.

ही बाब स्वरांच्या संदर्भात महत्त्वाची आहे. स्कॉटिश इंग्रजीत 'केक' आणि 'बोट' या शब्दांतील स्वर साधे असतात. 'केइक' किंवा 'बउट' अशी घसरण त्यांत नसते. 'पुल' म्हणजे ओढणे आणि 'पूल' म्हणजे तलाव या दोन शब्दांत स्कॉटिश माणूस सहसा भेद करीत नाही. 'र' चा उच्चार तो शब्दाच्या शेवटीही करतो. मराठी, हिंदी वा उर्दू भाषक विद्यार्थ्याच्या इंग्रजीत नेमक्या याच लकबी दोष म्हणून दाखविल्या जातात. या लकबी स्कॉटिश शिक्षकांमुळेच रुजल्या असे म्हणता येणार नाही, कारण आपल्या भाषांच्या रचनेतूनही त्या आपोआप येतात. परंतु जो उच्चार एडिंबरोच्या प्राध्यापकाच्या तोंडी प्रतिष्ठित ठरतो, तोच भरवेलीच्या मुलाच्या तोंडी अशुद्ध कसा ठरतो, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, बहुसंख्य विद्यार्थ्यांनी इंग्रजी ही ब्रिटिश माणसाच्या तोंडून ऐकलीच नाही. नागपुरात १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज आणि १९२३ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. तेथून शिकून निघालेले भारतीय पदवीधर तालुक्याच्या शाळांत शिक्षक झाले आणि त्यांचे विद्यार्थी पुढे शिक्षक झाले. इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी शिकली गेली आणि कानाचा वाटा त्यात फारच थोडा राहिला. जे छापलेले आहे ते तसेच उच्चारायचे, ही देवनागरीने लावलेली सवय येथे इंग्रजीलाही लागू झाली.

लिपी एक, उच्चार अनेक

देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते बऱ्याच अंशी पक्के आहे. इंग्रजीत ते तसे नाही. ब्रिटिश प्रमाण उच्चारात साधारणपणे वीस स्वर मोजले जातात. त्यांत बारा साधे व आठ संयुक्त स्वर आहेत. ते लिहिण्यासाठी रोमन लिपीत स्वराची अक्षरे मात्र पाचच आहेत. पाच भांड्यांत वीस धान्ये भरायची असा हा प्रकार आहे.

या गोंधळालाही इतिहास आहे. सुमारे पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीतील दीर्घ स्वर आपली जागा सोडून वर सरकले. नाव या अर्थाच्या 'नेम' शब्दात पूर्वी दीर्घ 'आ' होता. वेळ या अर्थाच्या 'टाइम' शब्दात दीर्घ 'ई' होता. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये या स्थित्यंतराला 'महान स्वरांतर' अशा अर्थाचे नाव दिले. हे स्वरांतर चालू असतानाच, १४७६ मध्ये, कॅक्स्टन यांनी वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला आणि शब्दांचे लेखन हळूहळू गोठत गेले. उच्चार पुढे गेला, लेखन मागे राहिले. म्हणून 'ए' नावाचे अक्षर पाहून 'आ' म्हणणारा मुलगा खरे तर इंग्रजीच्या जुन्या उच्चाराच्या जवळ जात असतो. त्याला हे कोणी सांगत नाही, एवढेच.

'ब्यांक' पासून 'बँक' पर्यंत

मराठीच्या मूळ वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर नव्हते. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्या काळात व त्यानंतरही इंग्रजी शब्द मराठीत आले तेव्हा लेखकांनी उपलब्ध चिन्हांवर भागविले. 'ब्यांक', 'म्यानेजर', 'ग्यास', 'म्याजिस्ट्रेट' अशी रूपे जुन्या मराठी छापील मजकुरात आढळतात. 'कालेज' आणि 'आफिस' हीही त्याच काळची रूपे होत. कानडी आणि तेलुगू या भाषांत 'ब्यांक' हीच लेखनपद्धती आजही प्रमाण आहे. म्हणजे एक स्वर नसेल तर 'य' आणि 'आ' यांच्या जोडीने त्याची जागा भरायची, ही युक्ती दख्खनच्या अनेक भाषांना एकाच वेळी सुचली.

पुढे अर्धचंद्राचे चिन्ह रूढ झाले आणि 'बॅट', 'मॅनेजर', 'कॉलेज', 'डॉक्टर' असे लेखन मराठीत स्थिरावले. २००८ मध्ये 'ॲ' या अक्षराला युनिकोड संकेतप्रणालीत स्वतंत्र जागा मिळाली. ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना मराठीच्या प्रमाण वर्णमालेत स्थान दिले. परक्या भाषेच्या उच्चारासाठी एखाद्या भाषेने आपल्या बाराखडीत दोन घरे वाढवावीत, ही लहान गोष्ट नाही. जी अडचण संपूर्ण भाषेला सोडवायला शतकाहून अधिक काळ लागला, ती पाचवीतल्या मुलाने आठवड्यात सोडवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

या चिन्हांचे महत्त्व खाणीच्या शब्दसंग्रहात विशेष जाणवते. भूमिगत खाणीत ज्या पोकळीतून खनिज काढतात तिला 'स्टोप' म्हणतात. थांबा या अर्थाचा शब्द 'स्टॉप' होय. ड्रिलने पाडलेले छिद्र ते 'होल' आणि मोठी खोली तो 'हॉल'. मराठी लेखनात 'ओ' आणि 'ऑ' वेगळे असल्यामुळे हे भेद कागदावर सहज दिसतात. बोलताना मात्र ते प्रत्येक वेळी राखले जातातच असे नाही. खाणीतील पाळणा वरखाली करण्याचे इशारे घंटेच्या मोजलेल्या ठोक्यांनी देण्याची पद्धत आहे. अनेक भाषांचे मजूर जेथे एकत्र काम करतात, तेथे जीव शब्दाच्या उच्चारावर सोपविलेला नाही, ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल.

ऱ्हस्व आणि दीर्घ : तिकिटाची गोष्ट

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकाची सर्वांत ठळक अडचण 'इ-ई' आणि 'उ-ऊ' या जोड्यांत आहे. जहाज या अर्थाचा 'शिप' आणि मेंढी या अर्थाचा 'शीप' त्याला सारखेच वाटतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हे असूनही असे का व्हावे, असा प्रश्न पडतो.

याचे उत्तर मराठीच्या रचनेत आहे. मराठीत 'इ' आणि 'उ' यांची लांबी बहुतांशी त्या स्वराच्या शब्दातील स्थानावर ठरते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत हे तत्त्व स्पष्ट दिसते. अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य इकार वा उकार दीर्घ असतो आणि विभक्तीचा प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो. गरीब-गरिबाला, फूल-फुलाला ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. इंग्रजीतून आलेले शब्दही याच साच्यात बसविले गेले. इंग्रजीत तिकीट या शब्दातील दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत. मराठीने दुसरा दीर्घ केला आणि 'तिकिटाला' म्हणताना पुन्हा ऱ्हस्व केला. मोजमापाचा 'फुट' इंग्रजीत ऱ्हस्व आहे, मराठीत 'फूट' झाला. पायातला 'बूट' इंग्रजीत दीर्घ आहे, मराठीत तो 'बुटात' जाताच ऱ्हस्व होतो. इंग्रजीत लांबी शब्दाची मालमत्ता आहे, मराठीत ती जागेची आहे. खाणीचा 'पिट' मराठी जिभेवर 'पीट' होतो तो याच नियमाने. तेव्हा ही चूक म्हणजे मराठीचा नियम इंग्रजीत पाळला गेल्याचा पुरावा आहे.

हिंदीत असे नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हा भेद हिंदी भाषक सहज करतो. म्हणून हिंदीने 'टिकट' आणि 'फुट' ही ऱ्हस्व रूपे राखली. हिंदीत 'फूट' म्हणजे दुफळी, त्यामुळे तेथे लांबी बदलून चालतच नाही. गोंडीतही स्वराच्या लांबीला अर्थभेदक मूल्य आहे. भरवेलीचे मराठी मूल शाळेत रोज हिंदी बोलते. 'शिप' आणि 'शीप' यांतील भेद शिकण्यासाठी लागणारा कान त्याच्याजवळ आधीच तयार आहे. त्याला केवळ 'दिन' आणि 'दीन' यांची आठवण करून द्यायची असते. अर्थात इंग्रजीत लांबीबरोबर जिभेची ठेवणही बदलते. 'शिप' म्हणताना जीभ सैल राहते, 'शीप' म्हणताना ओठ ताणले जातात. परंतु पहिली पायरी लांबीची आहे आणि ती हिंदीच्या हाताला धरून चढता येते.

हिंदी 'ऐ' आणि उर्दूची 'ये'

मदतीचा हात कधी दिशाभूलही करतो. प्रमाण हिंदीत 'ऐ' चा उच्चार एकसंध असून तो इंग्रजी 'ॲ' च्या जवळचा आहे. म्हणून हिंदीला अर्धचंद्राची गरज भासली नाही आणि 'बैंक', 'मैनेजर', 'मैंगनीज' असे लेखन रूढ झाले. 'ऑ' चे चिन्ह मात्र हिंदीने 'डॉक्टर', 'कॉलेज' यांसाठी स्वीकारले. मराठीत 'ऐ' चा उच्चार 'अइ' असा होतो. पूर्वी हिंदीच्या बोलींतही तो 'अइ' कडे झुकतो. त्यामुळे मराठी वा पोवारी घरातील मूल हिंदी पुस्तकातील 'बैंक' हा शब्द 'बइंक' असा वाचण्याचा संभव असतो. अक्षर तेच, पण दोन भाषांत त्याची किंमत वेगळी. शिक्षकाला हे ठाऊक नसेल तर तो मुलाला निष्काळजी ठरवितो. ठाऊक असेल तर फळ्यावर 'बैंक' आणि 'बँक' शेजारी शेजारी लिहून दोन मिनिटांत भेद दाखवितो.

उर्दू माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण निराळ्या जातीची आहे. उर्दू भाषेत स्वर विपुल आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पक्का आहे. परंतु उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिलेच जात नाहीत. जेर, जबर, पेश ही चिन्हे प्राथमिक पुस्तकांत व धार्मिक ग्रंथांत दिसतात, एरवी वाचक ती मनाने भरतो. बॅट, पैज या अर्थाचा 'बेट' आणि आमिष या अर्थाचा 'बेट' हे तीनही इंग्रजी शब्द उर्दूत बे, ये आणि टे या तीन अक्षरांनी सारखेच लिहिले जातात. 'हॉल', 'कॉल', 'डॉक्टर' यांतील 'ऑ' अलिफने दाखवितात. त्यामुळे 'हॉल' या शब्दाचे लेखन आणि स्थिती या अर्थाच्या 'हाल' या शब्दाच्या लेखनातील स्वर एकच असतो, फरक असतो तो 'ह' च्या अक्षरात. 'स्टॉप' हा शब्द अलिफने सुरू होऊन 'इस्टाप' बनतो. शब्दारंभी दोन व्यंजने एकत्र न आणण्याच्या फार्सी-अरबी परंपरेचा हा वारसा आहे. त्यामुळे शब्दात एक नवाच स्वर वाढतो आणि 'स्कूल' चे 'इस्कूल' होते.

तथापि याच लिपीने उर्दूच्या विद्यार्थ्याला एक मौल्यवान सवय लावलेली असते. लिहिलेले अक्षर हे उच्चाराचे केवळ सूचन आहे, खरा उच्चार परंपरेने व कानाने शिकायचा असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. इंग्रजीचे लेखन नेमके याच प्रकारचे आहे. देवनागरीच्या मुलाला जी गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते, ती उर्दूचा मुलगा अनुभवाने जाणतो. हे त्याच्या लक्षात आणून दिले तर त्याचा आत्मविश्वास वाढतो.

घसरणारे आणि दबणारे स्वर

मराठी, हिंदी व उर्दू या तिन्ही भाषकांना समान असणाऱ्या दोन अडचणी आहेत. पहिली संयुक्त स्वरांची. चाचणी या अर्थाचा 'टेस्ट' आणि चव या अर्थाचा 'टेस्ट' देवनागरीत एकच दिसतात. इंग्रजीत पहिला आखूड 'ए' आहे आणि दुसरा 'ए' कडून 'इ' कडे घसरतो. खाणकामगारांच्या टोळीवर देखरेख करणारा 'मेट' आणि भेटला या अर्थाचा 'मेट' यांचेही तसेच आहे. येथे निदान 'ए' थोडा लांबवला तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा टळतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर दबून ओझरत्या 'अ' किंवा 'इ' मध्ये विरतात. आपल्या भाषांत प्रत्येक स्वर आपली किंमत राखून असतो. म्हणून 'फोरमॅन' म्हणताना आपण शेवटच्या स्वराला पूर्ण न्याय देतो, इंग्रज तेथे 'फोरमन' असे काहीसे म्हणून मोकळा होतो. 'व्हिलेज', 'कॉलेज' यांतील शेवटचा 'ए' आपण स्पष्ट उच्चारतो, इंग्रजीत तेथे 'इज' ऐकू येते. खाणीतील 'शाफ्ट' हा शब्द दक्षिण इंग्लंडमध्ये दीर्घ 'आ' ने आणि अमेरिकेत 'शॅफ्ट' असा उच्चारतात. म्हणजे खुद्द इंग्रजी भाषकांतही एकमत नाही.

अभ्यासकांनी काय सांगितले?

या विषयाचा शास्त्रीय विचार मराठी माणसानेच आरंभी केला, ही अभिमानाची बाब आहे. ज्येष्ठ भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारावरील निबंध १९५७ मध्ये 'वर्ड' या अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी भाषकाची इंग्रजी ही चुकांची रास नसून अभ्यास करण्याजोगी व्यवस्था आहे, ही दृष्टी त्यामागे होती. १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील प्राध्यापक आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना किती कळते याचा अभ्यास १९६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. शब्दातील आघात चुकीच्या जागी पडणे हे न कळण्याचे एक प्रमुख कारण असल्याचे त्यांना आढळले.

ब्रिटिश अभ्यासक जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारातील इंग्रजीच्या उच्चारावर ग्रंथ लिहिला. परस्परांना समजण्यासाठी स्वरांची लांबी राखणे आवश्यक आहे, परंतु प्रत्येक स्वराचा नेमका रंग इंग्रजांसारखा असण्याची जरुरी नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पक्षी या अर्थाच्या 'बर्ड' शब्दातील स्वर हा त्यांनी मानलेला अपवाद होय. हा निष्कर्ष आपल्या शिक्षकांना दिलासा देणारा आहे. वीसही स्वर लंडनच्या मापाने घडविण्याचे ओझे त्यामुळे उतरते आणि थोड्या, पण खऱ्या अडचणींवर लक्ष देता येते.

वर्गासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचविता येतील.

१) विद्यार्थ्याच्या घरची भाषा व शाळेची लिपी शिक्षकाने प्रथम जाणून घ्यावी. एकाच चुकीची कारणे मराठी, पोवारी आणि उर्दू मुलात वेगवेगळी असू शकतात.

२) प्राधान्य लांबीच्या भेदाला द्यावे. 'दिन-दीन' सारख्या हिंदी-उर्दू जोड्यांवरून 'शिप-शीप', 'फुल-फूल' यांकडे जावे.

३) 'ॲ' साठी मराठी अर्धचंद्र आणि प्रमाण हिंदी 'ऐ' या दोन्हींचा आधार घ्यावा व त्यांतील फरक सांगावा.

४) 'ओ-ऑ' चा भेद परिसरातील शब्दांवरून शिकवावा. भरवेलीच्या मुलाला 'स्टोप' आणि 'स्टॉप' हे उदाहरण पुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा जवळचे आहे.

५) नवीन शब्द आधी ऐकवावा, मग लिहून दाखवावा. शब्दाचा आघात कोठे आहे ते पहिल्याच दिवशी सांगावे.

६) जे उच्चार स्कॉटलंड, अमेरिका अथवा भारतातील सुशिक्षित इंग्रजीत मान्य आहेत, त्यांना वर्गात चूक म्हणू नये.

समारोप

भरवेलीच्या खाणीत वरच्या थराखाली दुसरा थर असतो आणि प्रत्येक थर आपला काळ सांगतो. तेथील मुलाच्या इंग्रजी उच्चाराचेही तसेच आहे. त्याच्या 'तिकीट' मध्ये मराठीचा उपान्त्य दीर्घ आहे, 'फुट' मध्ये हिंदीची काटकसर आहे, 'इस्कूल' मध्ये फार्सीची परंपरा आहे आणि छापील अक्षरावरील विश्वासात दीडशे वर्षांच्या पुस्तकी शिक्षणाची छाया आहे. मराठी घर, हिंदी शाळा आणि उर्दूचा शेजार यांतून इंग्रजीच्या बहुतेक स्वरांचे कच्चे सामान त्याला आधीच मिळालेले असते. ते कोठे आहे हे दाखविणारा शिक्षक त्याला हवा आहे. आपल्या भाषांनी इंग्रजीसाठी बाराखडीत जागा केली. आता आपल्या वर्गांनी या मुलाच्या उच्चारासाठी थोडी जागा केली, तर तो बोलू लागेल. आणि जो बोलू लागला, त्याचा उच्चार सुधारण्याची आशा धरता येते. गप्प बसलेल्या मुलाचा स्वर कोणालाच दुरुस्त करता येत नाही.